पडद्यावरच्या सासूच्या हातात कधी काम का नसतं?

पडवीतून, वेंगुर्ले
माझं वय ६३. संध्याकाळी टीव्हीसमोर मी आमसुलं निवडत बसते. मालिकेतली सासू माझ्याच वयाची, पण तिच्या हातात काहीच नसतं. दिवाणखान्यात उभी, कडक इस्त्रीची साडी, झोपायच्या वेळीही गळ्यात माळ. एक तर सुनेचं वाईट चिंतते, नाहीतर देवापुढे डोळे पुसते.

माझी शेजारीण सत्तरीला आलीय. बंदरावर लिलावात बांगड्याची पाटी घेते आणि बाजारात पोचायच्या आत किती वाटे करायचे ते तिचं ठरलेलं असतं. गुडघ्याला पट्टा बांधलेला. उठताना एक हात जमिनीला टेकवते, दुसऱ्या हातातल्या नोटा सोडत नाही, मग कनवटीला लावते. अशी बाई पडद्यावर कोणी बघितलीय का? मला मनापासून बघायची आहे. नावं सांगा.

रत्नागिरीकर
ताई, ‘झिम्मा’ (२०२१) आणि ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) बघा. दुसऱ्यात सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. माझी आई कितीतरी वर्षांनी थिएटरात गेली ती त्याच्यासाठी.

रेवसबंदर
‘अग्निपथ’ (१९९०) आठवतो? मांडव्याच्या विजयची आई रोहिणी हट्टंगडी. त्यांचा जन्म १९५१चा, अमिताभ यांचा १९४२चा. आई मुलापेक्षा साडेआठ वर्षांनी लहान! त्यांनी भूमिका जीव ओतून केली, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण केस पांढरे करून कोणालाही आई करता येतं असं एकदा ठरलं, की खरी साठीची बाई दिवसभर काय करते हे लिहायची गरज कोणाला वाटणार?

आकेरीचो झील
‘रात्रीस खेळ चाले’मधली माई! शकुंतला नरे. शूटिंग आमच्या आकेरीतच. माजे आवशीक तर आपली शेजारीणच बोलता हा, असा वाटता.

पडवीतून, वेंगुर्ले
माई मलाही आपली वाटली, ती तिच्या बोलण्यामुळे. ‘झिम्मा’ बघताना रडले मी. निर्मिती सावंत, सुहास जोशी, दोघींनी काय काम केलंय! पण तिथे बायका इंग्लंडच्या सहलीला जातात तेव्हा मोकळ्या होतात. मला घरातला साधा मंगळवार बघायचाय. रेवसबंदर, तुमचं म्हणणं अगदी पटलं.

काल शेजारणीला विचारलं, तुझ्यावर सिनेमा काढला तर काय दाखवायचं? मासे साफ करता करता म्हणाली, “जून-जुलय दाखवा म्हणा. बंदी लागली काय होडी वर. हप्तो मात्र थांबणा नाय. त्या दोन महिन्यांत घर कसा चालवतंय, ता कोणी इचारूक नाय.”

१ जून ते ३१ जुलै, मासेमारीबंदीचे ६१ दिवस. ती वही ठेवते, रेशनच्या पिशवीत. कोणाला किती द्यायचे, कोणाकडून किती यायचे, सगळं पेन्सिलीने.