मदत हवी आहे: इव्हान्स्टनमध्ये राहावं की शिकागोत?

नमस्कार मंडळी. माझ्या पुतणीला नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात एमएससाठी प्रवेश मिळालाय. आम्ही पैठणचे. घरात अमेरिका पाहिलेलं कुणी नाही, म्हणून इथं विचारतोय.

विद्यापीठ 1851 सालचं आणि शिकागोच्या उत्तरेला खेटून असलेल्या इव्हान्स्टन गावात, थेट मिशिगन सरोवराच्या काठावर. (वैद्यकीय आणि कायद्याचे वर्ग मात्र शिकागो शहरात भरतात, तिचे इव्हान्स्टनलाच आहेत.) नकाशात सरोवराचा पलीकडचा काठ कुठाय ते शोधावं लागतं, आमचा नाथसागर त्यापुढं शेततळंच म्हणायचा!

प्रश्न राहण्याचा आहे. गावात भाडं जास्त दिसतंय. हद्दीला लागून शिकागोचं रॉजर्स पार्क आहे, तिथं खोल्या स्वस्त वाटतात. तिथून शहरी रेल्वेच्या रेड लाइननं हॉवर्ड, मग पर्पल लाइन पकडून फॉस्टर किंवा नॉयस स्टेशन, असं मी जुळवलंय. पण जानेवारीत पारा शून्याच्या खाली असताना, रात्री लॅबमधून सुटल्यावर एकट्या पोरीला हे रोज जमेल का? भाऊ म्हणतो, पैसे वाचव. मला ते पटत नाही.

आणखी एक, सरोवराचं वारं फार झोंबतं म्हणतात. जाड कोट इथूनच द्यावा की तिकडं घ्यावा? मला तर तिकडंच बरा वाटतो. ज्वारीचं पीठ शिकागोतल्या डेव्हन अव्हेन्यूवरच्या आपल्या दुकानांत बारमाही मिळतं का?

वर्ग सप्टेंबरमध्ये सुरू होतात. तिथं राहिलेल्या ताई-दादांनी जरा सविस्तर सांगा.