मदत हवी आहे: जुनी ब्रिटिश विनोदी मालिका, नवरा-बायको एकाच ऑफिसात

स्नेहल_रेडिंग: मालिकेचं नाव हवंय, लवकर. नवरा-बायको एकाच ऑफिसात असतात, पण लग्न झालंय हे तिथे कुणाला कळू देत नाहीत. ताईच्या साठीला डीव्हीडी द्यायची आहे. कुठेही शोधलं तरी ते हॉटेलवालंच समोर येतं. ते नकोय!

मोरपीस: साल? चॅनेल? एखादा तरी कलाकार?

स्नेहल_रेडिंग: ऐंशीच्या दशकातली, तेव्हा आम्ही दोघी इथे शाळेत होतो. बायको उंच, एकदम खानदानी इंग्रजी बोलणारी. नवऱ्याला मिशी.

अण्णा_टॉर्की: मिशी म्हणजे हॉटेलवाला बेसिल. मालिका फॉल्टी टॉवर्स, बीबीसी टू. १९७५ चे ६ भाग आणि १९७९ चे ६. डोळे झाकून घ्या.

मोरपीस: अहो अण्णा, हॉटेल नको म्हणालीय ती. आणि बेसिल-सिबिलचं लग्न लपलंय कुठे? आल्यागेल्या प्रत्येक गिऱ्हाइकासमोर भांडतात ते.

अण्णा_टॉर्की: तरी सांगतोच. जॉन क्लीज आणि कॉनी बूथ, दोघांनी मिळून लिहिलंय. पहिल्या सहा भागांच्या वेळी ते खरे नवरा-बायको होते. १९७८ मध्ये घटस्फोट झाला, तरी पुढचे सहा भाग तितकेच कसदार उतरले. नवरा-बायकोंनी एकत्र केलेल्या कामाबद्दल बोलायचं तर सुरुवात इथूनच व्हायला हवी.

हिशेबनीस: मी आणि सौ. एकाच बँकेत होतो. अनुभवाने सांगतो, एका शाखेत बदली मागू नका. दिवसभराचा हिशेब जुळला नाही की रात्री जेवताना तोच विषय.

मोरपीस: काका, यावर वेगळा धागा काढा, मी येते तिकडे. स्नेहल, ऑफिस कसलं होतं?

स्नेहल_रेडिंग: पुस्तकांचं असावं. आत्ताच ताईशी बोलले. ती म्हणते मिशी नव्हतीच, लांबट चेहरा आणि कायम वैतागलेला. यावरून आमची चांगलीच जुंपलीय. शनिवार आलाय, कुणीतरी नक्की सांगा ना.

जुनीफीत: हे आधी सांगायचंत! दोघींचंही बरोबर आहे. मालिका 'एक्झिक्युटिव्ह स्ट्रेस', थेम्स टेलिव्हिजनची, आयटीव्हीवर १९८६ ते १९८८, तीन सीझन, लेखक जॉर्ज लेटन. मुलं मोठी झाल्यावर कॅरोलाइन पुन्हा प्रकाशन व्यवसायात नोकरी धरते आणि नवराही त्याच कंपनीत येतो. तिथे नवरा-बायकोला एकत्र नोकरी नाही, म्हणून फेअरचाइल्ड हे सासरचं आडनाव बाजूला ठेवून ती माहेरचं लावते. कॅरोलाइन सगळीकडे पेनेलोपी कीथ. नवरा डोनाल्ड मात्र पहिल्या सीझनला जेफ्री पामर, पुढच्या दोन्हींत पीटर बोल्स. मिशी बोल्सची. कीथ-बोल्स ही जोडी आधी 'टु द मॅनर बॉर्न'मध्ये गाजली होती, त्यामुळे बऱ्याच जणांच्या लक्षात तोच राहतो. मला विचाराल तर पामर सरस. तो नुसता गप्प उभा राहिला तरी प्रसंग त्याचा होतो.

मोरपीस: अजिबात नाही. कीथपुढे टिकावा तर बोल्सच.

स्नेहल_रेडिंग: हीच! फेअरचाइल्ड वाचलं आणि सगळं आठवलं. खूप खूप धन्यवाद. म्हणजे ताईला पहिला सीझन. इथूनच पुण्याला पाठवते.

जुनीफीत: ताई पुण्यात?? थांबा. डीव्हीडी ज्या भागासाठी (रीजन) काढलेली असते, त्याच भागाच्या प्लेअरवर चालते. ब्रिटनच्या डीव्हीडी रीजन २ च्या, भारत रीजन ५. प्लेअर सगळे रीजन घेतो का ते आधी विचारा, नाहीतर डबा नुसता कपाटात राहील.

स्नेहल_रेडिंग: भाच्याला विचारलंय. घेतो म्हणाला.

हिशेबनीस: धागा काढला आहे. बँकवाल्यांनी जरूर यावे.

अण्णा_टॉर्की: पामर म्हणालात म्हणून. फॉल्टी टॉवर्सच्या 'द किपर अँड द कॉर्प्स' भागात नाश्त्याला सॉसेज मागून मागून थकलेला तो डॉक्टर आठवतो? तो पामरच. ताईंना हाही भाग पाठवा.