हेल्मुट वाल्खा: अंधत्वाची गोष्ट आता पुरे करायची का?

मंद्रसप्तक
जर्मन ऑर्गनवादक वाल्खांचं नाव निघालं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "डोळ्यांनी दिसत नव्हतं, तरी अख्खा बाख पाठ!" खोटं काहीच नाही. १९०७ मध्ये लाइपझिगला जन्म, देवीच्या लशीनंतर अधू झालेले डोळे तरुणपणीच पूर्ण गेले, आणि चाळिशीच्या आसपास संगीतकार बाखचं सगळं ऑर्गनसंगीत तोंडपाठ. पण हे ऐकल्यावर श्रोता हात जोडून बसतो आणि वाजवण्याबद्दल बोलणंच खुंटतं, ही माझी तक्रार आहे. हा अत्यंत हट्टी वादक. फ्यूग (एकच सुरावट अनेक ओळींत फिरवणारी रचना) सुरू करताना जी लय धरली, ती शेवटच्या स्वरापर्यंत सोडायची नाही. स्टॉप, म्हणजे आवाजाचा रंग बदलणाऱ्या खुंट्या, कारणाशिवाय बदलायचे नाहीत. नाट्य नको, लाडिकपणा नको. हेच एखाद्या डोळस वादकानं केलं असतं, तर "रुक्ष" म्हणून निकालात काढलं असतं आपण. माझं म्हणणं, गोष्ट बाजूला ठेवा आणि वादन तपासा.

पेडलवाली
साफ नामंजूर. गोष्ट बाजूला ठेवली तर वादन कळणारच नाही.

ते शिकायचे कसे ते बघा. आधी आई, पुढे पत्नी उर्सुला एकेक स्वरपंक्ती वेगळी वाजवून दाखवायची. वरची, मधली, पायांनी वाजवायची, सगळ्या सुट्ट्या. प्रत्येक ओळ गळ्यात बसली की मग ते मनात त्या एकत्र करायचे. आता ऑर्गनची अडचण लक्षात घ्या. पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज मोठा होत नाही, पाइपमध्ये वारा तेवढाच जातो. मग तीन ओळी एकाच वेळी चालू असताना मधली ऐकू आणायची कशी? बोट कधी उचलायचं, दोन स्वरांत फट किती ठेवायची, एवढंच हातात असतं. वाल्खांनी नेदरलँड्समधल्या आल्कमारला १९५६ साली मुद्रित केलेल्या बाखच्या ट्रिओ सोनाटा, म्हणजे तीन ओळींच्या रचना, घ्या. उजवा हात, डावा हात, पाय, तिघांचं तीन तऱ्हांचं चाललेलं. डाव्या हातात मुख्य सुरावट आली की ती शोधावी लागत नाही, कारण ती ओळ त्यांनी कधीकाळी एकटी गाणं म्हणून ऐकलेली आहे. तुम्ही ज्याला रुक्षपणा म्हणता, त्याचा उगम इथेच आहे.

भाता
ताई, मांडणी सुरेख, पण पॅरिसमध्ये पाय घसरतो. लुई व्हिएर्न जवळजवळ अंध, नोत्र-दामला १९०० पासून ऑर्गनवर आणि १९३७ मध्ये तिथंच वाजवता वाजवता गेले. आंद्रे मार्शाल अंध. जाँ लांग्ले अंध. तिघंही पॅरिसच्या अंधांच्या राष्ट्रीय शाळेत शिकलेले. आणि त्यांचं संगीत? रंगांची उधळण, आयत्या वेळी रचना बांधणं, धुक्यासारखे सूर. वाल्खांच्या अगदी उलट टोक. मग डोळे नसल्यानं शैली ठरते कशी? शैली लाइपझिगमध्ये ठरली. गुंथर रामिन यांच्याकडे शिक्षण, तिथल्या थॉमसकिर्ख चर्चमध्ये त्यांचे सहायक, आणि आजूबाजूला बरोक म्हणजे बाखच्या काळातल्या जुन्या ऑर्गनांकडे परत चला म्हणणारी पिढी.

पेडलवाली
पॅरिसवाल्यांच्या हाताशी ब्रेलमधली स्वरलिपी होती, वाल्खांची वाट कानाची. अंधत्व एक असलं तरी शिकण्याची रीत वेगळी, आणि मी रीतीबद्दलच बोलतेय. रामिनांचा मुद्दा मात्र मान्य.

मंद्रसप्तक
भाता यांनी माझंच काम हलकं केलं. आता पुढचं बोलू, जे भक्तमंडळी टाळतात. फ्रँकफर्टला प्राध्यापक असताना वाल्खांनी जर्मन संगीतकार माक्स रेगरचं संगीत अभ्यासक्रमातून काढून टाकलं आणि त्यावर जाहीर लेखही लिहिला. तरुणपणी स्वतः रेगर वाजवलेला माणूस! जर्मनीत केवढा गदारोळ झाला. स्वतःला आवडत नाही ते वाजवू नये, ठीक. विद्यार्थ्यांच्या ताटातून का काढायचं?

खुंटी
कारण त्यांना रेगरमध्ये ओळी ऐकूच येत नव्हत्या! स्वरांचा एवढा गच्च ढीग की सुट्टी ओळ धरायला जागा नाही. पटो न पटो, माणूस स्वतःच्या कानाशी प्रामाणिक राहिला. आपल्याकडे घराण्याच्या गुरूनं शिष्याला "ते ऐकू नकोस" म्हटलं की आपण त्याला निष्ठा म्हणतो आणि फ्रँकफर्टच्या मास्तरांना हुकूमशहा. वा रे न्याय.

मंद्रसप्तक
घराण्याच्या गुरूलाही मी हुकूमशहाच म्हणतो. पुढे बोला.

भाता
माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. वाल्खांना लोक "अस्सल बाख" म्हणून विकतात. वाद्यं अस्सल, शंका नाही. वाल्खांनी मुद्रणासाठी वापरलेला काप्पेल गावचा ऑर्गन आर्प श्निट्गरनं १६८० साली हँबुर्गसाठी बांधलेला, १८१६ मध्ये त्या खेड्यात आला. पण बोटं विसाव्या शतकाची. नव्वदच्या दशकातला डच ऑर्गनवादक टोन कोपमनचा बाख ऐका, किती अलंकार, किती श्वास! त्यानंतर वाल्खा म्हणजे इस्त्री केलेला सदरा.

खुंटी
कोपमन ऐकून मला धाप लागते, त्याचं काय करू?

नवखा_श्रोता
एवढं भांडण वाचून उत्सुकता वाढली. मी हार्मोनियमपलीकडे काही ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू? दोन संच आहेत म्हणतात.

पेडलवाली
हो, बाखच्या ऑर्गनरचनांचा संच त्यांनी दोनदा केला. पहिला मोनो, १९४७ ते ५२, ल्युबेक आणि काप्पेलला. दुसरा स्टिरिओ, १९५६ ते ७१, आल्कमार आणि स्ट्रासबर्गला. तुम्ही आल्कमारपासून सुरू करा. तीन ओळी कानाला वेगळ्या करायला स्टिरिओची मदत होते.

मंद्रसप्तक
अजिबात नको. आधी ल्युबेक, १९४७. शहरावर १९४२ मध्ये बाँब पडले, जुना संगीतकार बुक्स्टेहुडे जिथं वाजवायचा ते मारियनकिर्ख चर्च जळालं, तिथला जुना ऑर्गनही गेला. याकोबीकिर्ख हे दुसरं चर्च वाचलं. युद्ध संपून दोनच वर्षं झालेली, आणि तिथल्या छोट्या ऑर्गनवर हे मुद्रण. आवाज पातळ, थोडी खरखर, पण वाल्खा चाळिशीत आहेत आणि लय अजून दगड झालेली नाही.

पेडलवाली
बघा, गोष्ट सांगायची नाही म्हणणारेच बाँबची गोष्ट सांगून मुद्रण खपवतायत!

मंद्रसप्तक
बाँब काढून टाका, शिफारस तीच राहते. आणि नवखे, बाखचा 'आर्ट ऑफ फ्यूग' हा फ्यूगसंग्रह मात्र घाईनं ऐकू नका. बाखनं शेवटचा फ्यूग अर्धा सोडला, वाल्खांनी तो स्वतः पूर्ण करून वाजवलाय. माझ्या मते तो जोडलेला भाग आगाऊपणा आहे.

खुंटी
आगाऊपणा? त्यावर वेगळा धागा काढा, मी येतोच.