ग्राइंडर हे गे डेटिंग ॲप फोनमधून काढून टाकतात, दोन दिवसांत परत घेतात. या मुलांना काय सांगावं?

सांजवारा: गे मुलांच्या एका गटासाठी मार्गदर्शनाचे मुद्दे काढतोय. बहुतेकांची तक्रार एकच. रात्री अंथरुणात तासभर चेहरे चाळायचे, कुणी उत्तर द्यायचं नाही, मग स्वतःच्या रंगाची, पोटाची लाज. चिडून ॲप काढायचं, परत घ्यायचं. ‘वापरूच नका’ म्हणण्यात अर्थ नाही, तालुक्याच्या गावी दुसरी जागाच नसते. नेमकं काय सांगू?

पिंपळपान: आधी हे सांगा की फोनमधून ॲप काढल्याने प्रोफाइल जात नाही, ते सेटिंगमध्ये जाऊन वेगळं डिलीट करावं लागतं. दुसरं, तिथली मांडणी अंतरानुसार असते. घरी बसून उघडलं की रोज तेच शेजारचे चेहरे वर येतात, आणि ज्याने काल उत्तर दिलं नाही तो आजही समोर असतो. एकच नकार मन दहादा मोजतं. म्हणून नोटिफिकेशन बंद, संध्याकाळी वीस मिनिटं ठरवून, फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत.

आठवडाभर एक नोंद ठेवायला लावा: उघडण्याआधी आणि बंद केल्यावर मन कसं होतं, दहापैकी किती, आणि उघडलं कशासाठी. एकटेपणा, कंटाळा की लैंगिक इच्छा? एकटेपणासाठी उघडणाऱ्याला तिथे बहुधा सेक्सची विचारणा मिळते, आणि तो जास्तच खचतो. त्याने त्या वेळी मित्राला फोन करावा.

कोकणकडा: अंतर दाखवणं बंद करायला सांगा. तरी क्रमावरून जवळ कोण हे कळतंच, त्यामुळे लहान गावात चेहऱ्याचा फोटो जपून.

सांजवारा: फोटोवरून पैसे मागितले तर?

कोकणकडा: एक रुपयाही देऊ नये. दिला की मागणी वाढते. ब्लॉक करायची घाई नको, ब्लॉक केलं की तिथलं संभाषण नाहीसं होतं. आधी प्रोफाइल, धमकी, फोन नंबर, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट. पैसे गेले असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० आणि बँक, दोन्हीकडे फोन. खंडणीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८ लागतं. ‘तूच गुन्हेगार’ या धमकीत दम नाही, प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध ६ सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा नाहीत. घाबरलेल्या मुलाला हे सगळ्यात आधी सांगा.

पिंपळपान: दोन आठवडे झोप, भूक बिघडलेली असेल तर समुपदेशक हवाच. जीव नकोसा वाटतोय असं म्हणाला तर त्याच दिवशी, त्याला एकटं न सोडता. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. खासगी समुपदेशकाला पहिल्याच फोनवर विचारावं, ‘गे असणं बदलता येतं असं तुम्ही मानता का?’ ‘प्रयत्न करू’ असं उत्तर आलं तर तिथे जाऊ नये. गे असणं बदलण्याचे असे उपचार करणं हे डॉक्टरांसाठी २०२२ पासून व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. मुंबईत हमसफर ट्रस्ट ही एलजीबीटी लोकांसाठीची संस्था १९९४ पासून काम करतेय, तिथेही चौकशी करा.