मदत हवी आहे: आईला दुसऱ्यांदा डेंग्यू, जुन्या अँटीबॉडी उपयोगी की घातक?

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. आई ६८ वर्षांची, तीन दिवस ताप आहे. रिपोर्टमध्ये एनएस१ (डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन) पॉझिटिव्ह, आयजीएम (नव्या संसर्गात आधी तयार होणाऱ्या अँटीबॉडी) निगेटिव्ह, पण आयजीजी (जुन्या संसर्गानंतर टिकून राहणाऱ्या अँटीबॉडी) पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले, आधी कधीतरी डेंग्यू होऊन गेलेला दिसतो, म्हणून जास्त जपा. दवाखान्यातल्या गर्दीत पुढे काही विचारता आलं नाही.

मला समजलं ते असं. डेंग्यूच्या विषाणूचे ४ प्रकार. एक होऊन गेला की त्याच्याविरुद्धचं संरक्षण वर्षानुवर्षं टिकतं, बाकी तिघांविरुद्ध मात्र थोडेच महिने. पुढे दुसरा प्रकार शिरला की स्मृतिपेशी (आधीचा संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या पेशी) जुन्याच अँटीबॉडी भराभर तयार करतात. त्या विषाणूला चिकटतात, पण निकामी करत नाहीत. उलट भक्षक पेशी (एरवी जंतू गिळून टाकणाऱ्या) त्या अँटीबॉडीला धरून विषाणूला आत घेतात आणि तो तिथेच वाढतो. पहारेकऱ्यानेच चोराला दार उघडावं, तसं! हे बरोबर आहे का? आणि बाधित पेशींना मारणाऱ्या टी-पेशी यात कुठे येतात?

दुसरं, ताप उतरतानाचे १-२ दिवस जास्त धोक्याचे असतात ना? पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, सगळ्यावर लक्ष ठेवतोय. पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी देत नाही. पण ताप उतरला की आई ओट्याशी उभी राहणारच, तिचा स्वभावच तसा. तिला सोप्या मराठीत कसं पटवू? कुणी डॉक्टर किंवा सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारे असाल तर कृपया आजच लिहा.