मराठा पलटणीतला जवान, 1944 साली इटलीत गेला. नोंद शोधायची कशी?

मार्कंडेय_काठ
बेळगाव तालुक्यातल्या एका घरासाठी विचारतोय. वडील गावच्या सोसायटीचे सभासद, मुलगा 1941 च्या सुमारास भरती झाला. 1944 मध्ये इटलीहून तार आली, एवढंच घरच्यांना माहीत आहे. हाताशी एक गोल पदक आणि सोसायटीच्या जुन्या पुस्तकाचं एक पान. युद्धात पडलेल्या जवानांच्या समाध्यांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या साइटवर नाव टाकलं की काहीच येत नाही. समाधी कुठे असेल? तिथली माती आणायची घरच्यांची फार इच्छा आहे.

पलटणवाला
‘मराठा’ टाकून शोधत असाल तर मिळणार नाही. तेव्हाचं नाव पाचवी महरट्टा लाइट इन्फन्ट्री, स्पेलिंग एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए. आडनावाचा रकाना मोकळा ठेवा. आपल्या जवानांचं नाव आणि आडनाव बऱ्याचदा एकाच रकान्यात घातलेलं असतं, आणि परशरामचा परसराम, पर्शराम काहीही झालेलं असतं. रेजिमेंट, देश इटली, साल 1944 एवढंच भरा, येणारी यादी उतरवून घ्या आणि एकेक ओळ वाचा.

त्याआधी पदक बघा. गोल पदकावर नंबर आणि नाव कडेला ठोकलेलं असतं, स्टार म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं पदक असेल तर मागच्या बाजूला. पितांबरीनं घासू नका, अक्षरं उडतात. पातळ कागद धरून वरून पेन्सिल फिरवा.

जुनी_कागदं
ते सोसायटीचं पान जपून ठेवा. एका नावाचे दोन-तीन जवान निघतात, तेव्हा वडिलांचं नाव आणि गाव यावरूनच माणूस ठरतो. गावाचा जिल्हा मात्र त्या काळचा धरा. चंदगड 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, आणि आपलं बेळगावला लागून असलेलं शहापूर सांगली संस्थानात. त्यामुळे शहापूरचा मुलगा बेळगावच्या नावावर सापडला नाही तर सांगलीखाली बघा.

पलटणवाला
समाधीबद्दल आधीच सांगतो, म्हणजे घरच्यांच्या जिवाला नंतर लागणार नाही. हिंदू जवानांचं दहन होत असे, त्यामुळे बहुतेकांची कबर नसते, दहनस्मारकावर नाव असतं. इटलीत अशी स्मारकं सांग्रो नदी, फोर्ली आणि रिमिनी इथे आहेत. ज्यांचा ठावठिकाणाच लागला नाही त्यांची नावं कासिनो स्मारकावर. 10 जुलै 1944 ला पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांचंही नाव तिथेच आहे. म्हणून माती कुठली आणायची हे नोंद मिळाल्यावरच ठरवा.

बटालियनही बघून घ्या. पहिली आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती, सांग्रोच्या लढाईत म्हणजे 1943 च्या नोव्हेंबरात तीच. तिसरी दहाव्या डिव्हिजनबरोबर 1944 च्या वसंतात आली. युनिटच्या वॉर डायरीत, म्हणजे पलटणीच्या रोजच्या नोंदवहीत, शिपायाचं नाव सहसा नसतं, पण त्या तारखेला पलटण कुठल्या टेकडीवर होती ते कळतं.

मार्कंडेय_काठ
कडेला आकडे आहेत! पहिले चार स्पष्ट, पाचवा 3 की 8 ते कळत नाही. आडनावातली शेवटची दोन अक्षरं झिजलीत.

पलटणवाला
दोन्ही नंबर सर्व्हिस नंबरच्या रकान्यात टाकून बघा. तिथे नाही जुळलं तर तोच नंबर, वडिलांचं नाव आणि गाव लिहून बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला साधा अर्ज करा. सोबत पेन्सिलीच्या ठशाची झेरॉक्स जोडा. मूळ पदक कुणाच्याही हातात देऊ नका.