गच्चीवरचा ‘लगान’ आणि सहावा चेंडू

शनिवार, रात्री ११:४२

शिंदे, सेक्रेटरी (डी-२०१): गच्चीवर ‘लगान’ला एवढी गर्दी होईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. प्रोजेक्टरची काळी लांब वायर कोणाच्या खुर्चीबरोबर घरी गेली असेल तर उद्या वॉचमनकडे द्या.

ओंकार (सी-५०१): पिक्चर कधीही बघा, भारीच. पण गंमत सांगू? गोष्ट १८९३ ची. तेव्हा इंग्लंडात ओव्हर पाच बॉलची होती. आपण श्वास रोखून बघितला तो सहावा बॉल अस्तित्वातच नव्हता.

श्रुती (सी-२०२): झालं सुरू याचं.

नाना (बी-३०२): ओंकार, माहिती बरोबर आहे, पण अर्धी. इंग्लंडात १८८८ पर्यंत चार चेंडूंचं षटक, १८८९ ते १८९९ पाचचं, आणि १९०० पासून सहाचं. ऑस्ट्रेलियात मात्र १८९१-९२ च्या मोसमापासून सहा चेंडू टाकत होते. तेव्हा ‘अस्तित्वातच नव्हता’ हे जरा जास्त झालं.

ओंकार (सी-५०१): पण कॅप्टन रसेल कुठे ऑस्ट्रेलियन होता नाना!

नाना (बी-३०२): नव्हता. म्हणून चूक ती आहेच. पण तू त्याहून मोठी सोडलीस. षटकार! त्या काळी इंग्लंडात चेंडू सीमेवरून उडून गेला तरी चारच धावा मिळायच्या. सहा हव्या असतील तर चेंडू मैदानाच्याच बाहेर जायला हवा. सीमेपलीकडे टप्पा पडला की सहा, हा नियम १९१० चा. शेवटच्या चेंडूवर रसेलने भुवनचा झेल घेतला तेव्हा रसेल सीमेपलीकडे होता, पण मैदानातच उभा होता. आता बसा हिशेब करत.

ओंकार (सी-५०१): म्हणजे भुवनला चार?? चंपानेर हरलं?? तिप्पट लगान??

श्रुती (सी-२०२): नाना, मुलगी झोपेतून उठून विचारतेय, खरंच हरले का. तुम्हीच फोनवर समजावा तिला.

सुलभाकाकू (ए-१०४): कोणी हरलं नाही, झोपव तिला. सामना लावला कोणी? रसेलने. अटी त्याच्या, पंच त्यांचे, खेळ शिकवला तो त्याच्याच बहिणीने. छावणीतले साहेब कंटाळा घालवायला खेळत होते, लंडनहून नियमांचं पुस्तक मागवून नव्हे. त्यांनी सहा चेंडू ठरवले असतील. पडद्यावर दोन्ही बाजू तेच नियम पाळतात ना? मग झालं.

नाना (बी-३०२): हे वकिली उत्तर झालं सुलभाताई.

सुलभाकाकू (ए-१०४): असेना. तुम्हाला सामना बघताना खटकलं होतं का, की घरी येऊन?

नाना (बी-३०२): घरी येऊन. शुभ रात्री.

रविवार, सकाळी ८:१५

माने काका (बी-१०१): राम राम मंडळी. रात्रीचं सगळं आत्ता वाचलं. आमचं आपलं साधं म्हणणं. षटक राहू द्या, तो गोलंदाज कचरा जरा फिल्मीच वाटला. कधी चेंडू हातात न धरलेला माणूस साहेबांच्या दांड्या उडवतो. एवढं कुठं असतं?

नाना (बी-३०२): माने, इथेच आपण चुकतो. जे खरं घडलं तेच आपल्याला खोटं वाटतं. पळवणकर बाळू हे नाव ऐकलंय? चांभार समाजातला, डावखुरा फिरकी गोलंदाज. १८९० च्या दशकात पुण्यात युरोपियनांच्या क्लबात मैदानाची कामं करायचा. रोलर ओढायचा, जाळी लावायची, आणि साहेब सरावाला आले की त्यांना तासन्‌तास चेंडू टाकायचे. साहेबांना चेंडू टाकूनच तो शिकला. पुढे हिंदूंच्या संघात घेतला तो बळी मिळवायला, पण चहाच्या सुट्टीत त्याला चहा मिळायचा तंबूच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. बाकीचे आत, चिनी मातीच्या कपात. १९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा या माणसाने शंभरावर बळी घेतले. कचरा काल्पनिक आहे, पण ‘एवढं कुठं असतं’ म्हणू नका. असतं. आणि साहेबाला हरवणंही असतं. १८९० च्या जानेवारीत मुंबईच्या जिमखान्यावर पारशांनी व्हर्ननच्या इंग्लिश संघाला हरवलं होतं. ‘लगान’च्या गोष्टीआधी तीन वर्षं.

माने काका (बी-१०१): हे माहीत नव्हतं. बाळूंवर काही वाचायला असेल तर द्या घरी.

नाना (बी-३०२): संध्याकाळी या.

ओंकार (सी-५०१): ओके, ‘लगान’ सोडा. पिक्चरमधल्या चुकांच्या माझ्या यादीत पुढचा ‘शोले’. रामगढमध्ये वीज नाही. राधा रोज रात्री कंदील विझवते, अमिताभ तिकडे माउथ ऑर्गन वाजवतो. मग वीरू ज्या पाण्याच्या टाकीवर चढतो, त्या टाकीत पाणी चढतं कसं? हे वाचून मी तर फुटलो होतो.

माने काका (बी-१०१): हे कोण शहरातल्या माणसानं लिहिलं असणार. आमच्या गावात वीज यायच्या कितीतरी आधी विहिरीवर इंजिन होतं. डिझेलचं. पट्टा चढवायचा, हँडल मारायचं, तीनदा हात झिणझिणायचे आणि चौथ्यांदा धूर टाकून धकधक सुरू. आवाज शिवारभर. त्यावर ऊसच्या ऊस भिजायचा, एक टाकी भरायला काय लागतं? वीज नाही म्हणजे पाणी वर चढत नाही हे कोणी सांगितलं तुम्हाला? ही चूक पिक्चरची नाही, शोधणाऱ्याची आहे.

नाना (बी-३०२): शंभर टक्के.

ओंकार (सी-५०१): पण काका, इंजिन दाखवलंय कुठे?

माने काका (बी-१०१): संडास तरी कुठे दाखवलाय.

श्रुती (सी-२०२): काका!!

ओंकार (सी-५०१): बरं, शेवटच्या मारामारीत ठाकूरचे हात कुर्त्याच्या आत जाणवतात, ते?

माने काका (बी-१०१): ते आहे. ते मान्य.

दुपारी ३:०५

रेवती (ए-४०३): शूटवरून आत्ता आले, सगळं एकदम वाचलं. ओंकारदादा, तू त्या दिवशी एका मालिकेचे दोन फोटो टाकले होतेस ना, सासूबाईंच्या हातातला ग्लास आधी भरलेला, मग रिकामा, मग पुन्हा भरलेला? ती मालिका आमची नाही, पण मी कंटिन्युइटी बघते, म्हणजे एक शॉट दुसऱ्याशी जुळतोय का ते. अशा शिव्या खाणं हेच माझं काम आहे, म्हणून सांगते.

जेवणाच्या टेबलाचा सीन घे. आठ आर्टिस्ट. आधी मास्टर घेतात, त्यात सगळे दिसतात. मग एकेकाचा क्लोज. सासूबाईंचा क्लोज सकाळी, कारण त्यांना दुपारी नाटकाचा प्रयोग. सुनेचा संध्याकाळी. मध्ये जेवणाचा ब्रेक, लाइट बदललेले, वरणावर साय धरलेली. मास्टरमध्ये सुनेने ‘आई, तुम्हीच सांगा’ यातल्या ‘तुम्हीच’वर वरणाचा डाव उचलला असेल, तर संध्याकाळच्या क्लोजमध्येही त्याच शब्दावर, त्याच हाताने उचलायला हवा. वाटीत वरण तेवढंच. मंगळसूत्र पदराच्या वर की आत, बट कानामागे की गालावर, बांगड्यांत हिरवी आधी की सोन्याची. मी प्रत्येक शॉटनंतर मोबाइलवर फोटो काढते. आमच्या आधीचे लोक पोलरॉइड काढायचे, त्याच्या आधीचे वहीत लिहायचे. तरी जर्क येतो. म्हणजे दोन शॉट जोडले की उडी जाणवते.

आणि आता खरी गोष्ट. तिसऱ्या टेकला ती मुलगी खरंच रडते. सेटवर स्पॉटदादासुद्धा हातातला ट्रे धरून थांबतात. पण त्या टेकला बट गालावर आलेली आहे आणि मास्टरमध्ये ती कानामागे. पाचव्या टेकला बट बरोबर आहे, रडणं नाही. एडिटर कोणता टेक घेईल? तिसरा. घ्यायलाच हवा. मी समोर बसलेली असते, मला जर्क दिसत असतो, आणि मी गप्प बसते.

सुलभाकाकू (ए-१०४): रेवती, हे कधी सांगितलं नव्हतंस.

रेवती (ए-४०३): विचारतं कोण काकू. सगळे फक्त हिरो कसा आहे ते विचारतात.

ओंकार (सी-५०१): म्हणजे ग्लासची चूक मुद्दाम?

रेवती (ए-४०३): मुद्दाम नाही रे. चूकच. पण पुष्कळदा ती माहीत असून ठेवलेली असते. आणि डेलीसोपला आधी शूट करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपली की आज शूट, परवा टेलिकास्ट. तिथे ग्लास कोण बघतंय, एपिसोड वेळेत गेला हेच खूप. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ला तर आमच्यासारखी घाई नव्हती, तरी २०१९ साली राजवाड्यातल्या मेजवानीत कॉफीचा कागदी कप राहिलाच. जगभर हसं झालं तेव्हा कॉम्प्युटरवर पुसून टाकला.

नाना (बी-३०२): ‘टायटॅनिक’चंही तेच ना? त्यातलं आकाश चुकीचं आहे म्हणून नील डिग्रास टायसन हा खगोलशास्त्रज्ञ दिग्दर्शकाच्या मागेच लागला होता. १९१२ च्या एप्रिलमधल्या त्या रात्री, त्या ठिकाणाहून तारे असे दिसलेच नसते म्हणून. २०१२ ला पिक्चर पुन्हा आला तेव्हा कॅमेरॉनने तेवढं आकाश बदललं.

माने काका (बी-१०१): जहाज बुडालं तेव्हा वर कोण बघत होतं?

नाना (बी-३०२): ती लाकडावर पडून वरच बघत होती, माने.

सुलभाकाकू (ए-१०४): आता माझं ऐका. ग्लास, बट, तारे, सगळं माफ. मला राग येतो तो ऐतिहासिक मालिकांचा. शिवकाळातला मुदपाकखाना दाखवतात आणि परातीत लालभडक टोमॅटो! तो आपल्याकडे रुळला इंग्रजी अमदानीत. आमचे हे म्हणाले, मग मिरचीही काढा. मिरची कशाला काढू? ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकातच आली होती, महाराजांच्या काळात ती असायला काहीच हरकत नाही. झेंडूही तसाच मेक्सिकोकडचा. पेशवाईत दाराला झेंडूचं तोरण लावा, खुशाल लावा. पण द्रौपदीच्या स्वयंवराला लावू नका.

ओंकार (सी-५०१): काकू, झेंडू मेक्सिकोचा?? दसऱ्याला मग आपण...

सुलभाकाकू (ए-१०४): दसऱ्याला लाव बाबा, तू महाभारतात राहत नाहीस.

श्रुती (सी-२०२): आणि ‘बाजीराव मस्तानी’तला ‘पिंगा’ काकू? काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात ते?

सुलभाकाकू (ए-१०४): ती चूक नव्हे, तो निर्णय. म्हणून जास्त गंभीर. दिग्दर्शकाला माहीत होतं, पेशव्यांच्या वंशजांनी हरकतही घेतली होती. सुरुवातीला ‘हा इतिहास नव्हे’ अशी पाटी दाखवली की हात झटकून मोकळे. पेशव्यांच्या घरची स्त्री अशी चारचौघांत नाचेल का, याचं उत्तर ती पाटी देत नाही. पण लोकांचंही बघा. आरसेमहाल दिसला की ‘खोटं, खोटं’ म्हणून ओरडतात. अरे, शनिवारवाड्यात आरसेमहाल होता, नोंद आहे. पण राऊ, म्हणजे बाजीराव, १७४० ला रावेरखेडीला वारले तेव्हा वाड्याची वास्तुशांत होऊन आठच वर्षं झाली होती, पुढच्या पेशव्यांनी तो वाढवत नेला. म्हणून विचारायचं ते ‘आरसेमहाल होता का’ असं नाही, ‘तेव्हा होता का’ असं. १८२८ च्या आगीत वाडा जळला. आपल्याला आता दिसतात ती जोती आणि दिल्ली दरवाजा, त्यामुळे कोणी काहीही दाखवावं. मी इतकी वर्षं शाळेत इतिहास शिकवला. मुलं उत्तरपत्रिकेत पिक्चरमधलं लिहितात, ग्लासातलं पाणी लिहीत नाहीत.

रेवती (ए-४०३): मला पटतंय काकू. आमच्याकडे संशोधनाला माणूस असतो, पण त्याचं ऐकायला दिवस नसतो.

ओंकार (सी-५०१): मग माझ्या यादीतलं एक तरी टिकतं का? ‘भाग मिल्खा भाग’मध्ये १९५० च्या दशकातल्या प्रसंगात मिल्खा जे गाणं म्हणतो, ते १९६२ च्या ‘सन ऑफ इंडिया’तलं आहे.

नाना (बी-३०२): ती पक्की. त्याला इंजिन लावूनही वाचवता येणार नाही.

माने काका (बी-१०१): आपल्याकडचा पहिला पिक्चर काढणाऱ्या फाळक्यांचं काय? त्यांच्यात असल्या चुका काढल्या की नाही कोणी?

नाना (बी-३०२): १९१७ चा ‘लंकादहन’. राम आणि सीता दोन्ही कामं एकाच माणसाने केली, अण्णा साळुंके. स्त्रिया काम करायला तयार नव्हत्या. सीतेच्या लुगड्यातून साळुंक्यांचे दंड दिसायचे म्हणतात. आणि लोक? रामसीता पडद्यावर आले की चपला काढून बसायचे.

सुलभाकाकू (ए-१०४): बसणारच. त्यांना दंड दिसले नसतील असं नाही.

सायं. ६:३०

शिंदे, सेक्रेटरी (डी-२०१): वायर सापडली, धन्यवाद माने काका. पुढच्या शनिवारी ‘शोले’ लावू या, बऱ्याच जणांनी खाली भेटून सांगितलं.

नाना (बी-३०२): कोणत्या शेवटाचा? मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो. १९७५, आणीबाणी, सेन्सॉरने ते चालू दिलं नाही. म्हणून पोलीस आणावे लागले. मूळ शेवट आता बघायला मिळतो.

माने काका (बी-१०१): मारतो तोच लावा. पायात खिळे ठोकून घेतले ते काय शोभेला?

श्रुती (सी-२०२): लहान मुलं पुढच्या रांगेत असतात हो. पोलीस येतात तो लावा.

रेवती (ए-४०३): मला मूळचा बघायचाय. पोलीस येतात तिथे मला नेहमी जर्क वाटतो, आणि तो एडिटरचा नाही.

शिंदे, सेक्रेटरी (डी-२०१): पोल टाकतो. एका फ्लॅटला एक मत. मेंटेनन्स थकलेल्यांनी मत देऊ नये, खुर्ची मात्र आणावी.